हिरव्या पाण्यातला निळा खडा

घरच्या जलतरण तलावाचे पाणी उन्हाळ्यात बघता बघता हिरवे होते. मग कोणीतरी सांगते, ‘तांब्याचे औषध टाका, शेवाळ जाईल.’ जातेही. पण पुढे काय होते, ते कळायला या औषधाचा इतिहास पाहावा लागतो.

१८८२ साली फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या द्राक्षबागा केवडा रोगाने ग्रासल्या होत्या. रस्त्याकडेच्या वेली मात्र शाबूत होत्या. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता! अलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे हेरले आणि १८८५ मध्ये त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपले द्राक्ष बागायतदार फवारतात, ते हेच बोर्डो मिश्रण.

वेलीवरचा मोरचूद पाण्यात उतरला तो अमेरिकेत. तिथे शहरांच्या साठवण तलावांतल्या शेवाळामुळे पिण्याच्या पाण्याला दुर्गंधी येई. १९०४ मध्ये कृषी खात्याच्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी दाखवून दिले, की दहा लाख भाग पाण्याला एक भाग, कधी त्याहूनही कमी मोरचूद शेवाळ मारायला पुरतो. खड्यांची पिशवी होडीला बांधायची आणि तलावभर फिरवायची, एवढे सोपे काम.

मिनेसोटा राज्यातल्या फेअरमाँटच्या तलावांत हा उपाय ५८ वर्षे चालला. त्याचा हिशेब १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवाळ मरे आणि एक ते तीन आठवड्यांत परत येई. काही नील-हरित शेवाळांना तर मोरचूद सोसण्याची सवयच झाली. तांबे मात्र तळच्या गाळात साठत राहिले.

घरचा तलाव लहान, पण हिशेब तोच. क्लोरीन उन्हात उडून जातो. तांबे उडत नाही. पाण्याची वाफ होते, आपण नवे पाणी भरतो, पुन्हा औषध ओततो आणि तांबे वाढत जाते. मग भिंतींवर डाग पडतात, फिकट केसांना हिरवट झाक येते. दोष बिचाऱ्या क्लोरीनला!

म्हणून औषध टाकण्याआधी पाण्यातले तांबे मोजावे. क्लोरीन आणि गाळणी नीट ठेवावी. जंतू मारायला तांब्यावर विसंबू नये. आणि असे पाणी ओढ्यात सोडू नये. तिथे मासे असतात.

शेवाळ दिसते, म्हणून आपण त्याच्या मागे लागतो. विरघळलेले तांबे दिसत नाही, एवढेच.