वैद्यकाच्या शिक्षकांचें शिक्षण

ज्याला एखादा विषय उत्तम येतो त्याला तो शिकवितांही येतोच, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत फार खोल रुजलेली आहे. कालिदासास ती मान्य नसावी. 'मालविकाग्निमित्रां'त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा तंटा उपस्थित होतो, तेव्हां त्यांचा निवाडा त्यांच्या स्वतःच्या नैपुण्यावरून न करतां शिष्यांच्या प्रयोगावरून करावा, असें ठरतें. हा न्याय नृत्यास लावणें सोपें. वैद्यविद्येस लावण्यास मात्र आपल्या देशाला दीडशें वर्षें लागलीं. हें असें कां झालें, हें पाहणें उद्बोधक होईल.

१८२६ हें साल या दृष्टीनें मोठें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच सुमारास मुंबईंत कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं तयार झालेले पहिले पंतोजी जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या शाळा उघडण्यास निघाले. त्याच सालीं मुंबईंत देशी विद्यार्थ्यांकरितां वैद्यकाची शाळाही निघाली. तिचे मुख्य डॉ. मॅक्लेनन. देशी भाषांतून शिकवावयाचें तर त्या भाषांत पुस्तकें नव्हतीं. तेव्हां भाषांतरांचा भारही त्यांच्याच शिरावर पडला. ही शाळा १८३२ सालीं बंद झाली. मुळाक्षरें शिकविणाराला आधीं शिकविण्याचें वळण लागलें पाहिजे, हें राज्यकर्त्यांस समजलें होतें. शरीराचीं हाडें व नाड्या शिकविणाराला तसें वळण लागतें, हें मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें.

पुढें सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें. त्याचे पहिले मुख्य डॉ. मोरहेड यांनीं शेजारच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाशीं कॉलेजाची सांगड घालून रोग्याच्या खाटेपाशीं शिक्षण देण्यावर भर दिला. १८५१ सालीं जी पहिली तुकडी बाहेर पडली तींत भाऊ दाजी व आत्माराम पांडुरंग होते. भाऊ दाजी वैद्यकाकडे वळण्यापूर्वीं एल्फिन्स्टन संस्थेंत शिक्षक होते, हें विसरतां कामा नये. नंतर या कॉलेजांत देशी भाषांचे वर्गही निघाले. डॉ. सखाराम अर्जुन यांनीं या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविलें आणि मराठींत वैद्यकाचे ग्रंथ लिहिले. या पिढीच्या अंगीं शिकविण्याची हातोटी होती. परंतु ती उपजत होती किंवा गुरूचें पाहून आलेली होती, कोणी लावून दिलेली नव्हती.

शिक्षक कोण असावा, हा प्रश्न मात्र लवकरच पुढें आला. १९२६ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजास देणगी देतांना देणगीदारांनीं अट घातली कीं, तेथील अध्यापक सुयोग्य भारतीय असावेत व ते सरकारी नोकरींतील नसावेत. ही अट राष्ट्रीय स्वाभिमानाची होती, आणि ती रास्तच होती. पण अध्यापक आपला आहे कीं परका, एवढ्यावरच वाद थांबला; त्याला शिकवितां येतें कीं नाहीं, इकडे वाद वळलाच नाहीं.

तो वळला परदेशांत. अमेरिकेंत बफेलो येथें जॉर्ज मिलर यांनीं १९५५ पासून वैद्यकाचे प्राध्यापक व शिक्षणशास्त्रज्ञ यांस एकत्र बसविण्याचा उपक्रम चालविला. १९७५ सालीं डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनीं अशी परीक्षापद्धति मांडली कीं, विद्यार्थ्यानें एकामागून एक ठाण्यांवर जाऊन प्रत्यक्ष कृति करून दाखवावी. आम्हांस यांत नवल वाटूं नये. सुश्रुतानें भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा आणि कमळाच्या देठांवर वेधनाचा सराव शिष्याकडून करवून घ्यावा असें सांगितलें आहे. पुष्कळ वाचलेला पण हात न वळलेला शिष्य कर्मास अयोग्य, असें त्याचें मत आहे. तत्त्व आमच्या घरचेंच होतें. फक्त शिक्षकाला तें वापरण्यास शिकविणारी संस्था नव्हती.

तशी संस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें १९७५ च्या सुमारास पांडेचरीस निघाली. १९९७ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें प्रत्येक कॉलेजांत शिक्षणविषयक विभाग असावा असें सुचविलें, आणि २००९ पासून प्रादेशिक केंद्रांमार्फत अध्यापकांचे वर्ग भरूं लागले. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर २००५ सालीं मुंबईच्या वर उल्लेखिलेल्या कॉलेजांत 'फेमर' या अमेरिकन संस्थेच्या सहकार्यानें दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम निघाला. त्यांतील प्रत्येक अध्यापकास आपल्याच संस्थेंत अध्यापनसुधारणेचा एक प्रयोग करावा लागतो, हा त्याचा विशेष.

आमच्या मालेगांवास या इतिहासाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. १९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ नाशिक येथें स्थापन झालें. अॅलोपाथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपाथी, दंतवैद्यक, परिचर्या या सर्व शाखा एका छत्राखालीं आल्या. येथून सुमारें शंभर किलोमीटरांवरील त्या विद्यापीठाशीं मन्सुऱ्याचें मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज जोडलेलें आहे. म्हणजे युनानी हकीम घडविणाऱ्याचा प्रश्न आणि शल्यविशारद घडविणाऱ्याचा प्रश्न हे आतां एकाच घरचे झाले. शिवाय भारतीय वैद्यकपद्धतींसाठीं झालेल्या २०२० च्या कायद्यांत, ज्या पदव्युत्तरांस अध्यापक व्हावयाचें आहे त्यांच्याकरितां स्वतंत्र पात्रतापरीक्षेची तरतूद आहे.

यावर दोन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा कीं, पूर्वींचे नामांकित अध्यापक कोठें असल्या वर्गांस गेले होते? उत्तर सोपें आहे. नामांकितांचीं नांवें उरलीं. त्यांच्याच शेजारीं वर्षानुवर्षें टिपणें वाचून दाखविणाऱ्यांचीं उरलीं नाहींत. दुसरा आक्षेप जड आहे: तीन दिवसांच्या वर्गानें शिक्षक होत नाहीं, आणि बढतीकरितां लागणारें प्रमाणपत्र हें प्रमाणपत्रच राहतें. हें आम्हांस मान्य आहे. परंतु यावरून निघतें तें एवढेंच कीं, तीन दिवस पुरत नाहींत; शिक्षणच नको, असें निघत नाहीं.

२०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत रोग्याशीं बोलणें, त्याची संमति घेणें, दुःखद वार्ता सांगणें, यांचाही अंतर्भाव झाला आहे. आजच्या बहुतेक प्राध्यापकांना हें कोणी शिकविलेलें नाहीं. आमच्या गांवांत मागावर काम करणारा रोगी उर्दू बोलतो, मोसम-गिरणेच्या कांठचा शेतकरी अहिराणी बोलतो, आणि पाठ्यपुस्तक बहुधा इंग्रजी बोलतें. या तिघांमध्यें पूल बांधण्यास विद्यार्थ्याला कोण शिकविणार? व्याख्यान देऊन हें साधत नाहीं. अध्यापकानें स्वतः रोग्याजवळ बसावें, विद्यार्थ्यास बोलूं द्यावें, मग चूक कोठें झाली तें त्यास एकीकडे घेऊन सांगावें; आणि आपल्या या शिकविण्याकडेही एखाद्या सहकाऱ्यास पाहूं द्यावें. यांतलें शेवटचें काम सर्वांत कठीण. वीस वर्षें ज्याच्या वर्गाच्या दारांत दुसरा अध्यापक उभा राहिला नाहीं, त्याला हें प्रथम अपमानासारखें वाटतें.

तरीही तें केलें पाहिजे. वाईट शिक्षकाचा विद्यार्थी काव्यांत नापास झाला तर कवीचें कांहीं बिघडत नाहीं. वैद्यकांत त्याची किंमत तिसराच कोणी, शिक्षक व शिष्य या दोघांच्याही ओळखीचा नसलेला रोगी, मोजतो.