विझणाऱ्या झोताची कुळकथा

‘जेट क्वेंचिंग’ ही संज्ञा आज अणुकेंद्रीय भौतिकीत रूढ असली, तरी तिच्या मुळाशी असलेली कल्पना तिच्याहून जुनी आहे. अतिवेगवान कणांच्या टकरीत क्वार्क किंवा ग्लुऑन हे त्यांचे मूलघटक आडव्या दिशेने उसळले, की प्रत्येकापासून कणांचा एक अरुंद झोत तयार होतो; त्यालाच जेट म्हणतात, आणि संवेग अक्षय्य असल्यामुळे असे झोत बहुधा जोडीने, परस्परविरुद्ध दिशांना निघतात.

१९८२ साली अमेरिकेतील फर्मिलॅबमध्ये जेम्स ब्योर्केन यांनी एका टिपणात असा तर्क मांडला की, टकरीतून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे क्वार्क व ग्लुऑन ज्यात मोकळे झालेले असतात असे अतितप्त द्रव्य, निर्माण झाले, तर त्यातून जाणारा क्वार्क आपली ऊर्जा गमावील आणि कडेजवळ उगम पावलेल्या जोडीपैकी एक झोत निसटून दुसरा आतच नाहीसा होईल. हे टिपण कोणत्याही नियतकालिकात छापले गेले नाही. त्याच्या शीर्षकात झोतांच्या ‘नामशेष’ होण्याचा उल्लेख होता. ‘क्वेंचिंग’ हा आग विझवण्याचा व तापलेले पोलाद पाण्यात बुडवण्याचा अर्थ असणारा शब्द ग्युलासी आणि प्ल्युमर यांच्या १९९०च्या निबंधाच्या शीर्षकात आला. ब्योर्केन यांनी ऊर्जाहानीचे कारण साध्या धडकांत शोधले होते, तर नव्वदच्या दशकातील गणितांनी मार्गात ग्लुऑन उत्सर्जित होण्याला अधिक महत्त्व दिले.

२००० साली न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन येथे सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरी सुरू झाल्या आणि समोरासमोरच्या टकरींत मोठ्या आडव्या संवेगाचे कण अपेक्षेच्या सुमारे एक-पंचमांशच आढळले. २००३ मध्ये स्टार प्रयोगाने झोताचा विरुद्ध दिशेचा जोडीदार लुप्त झाल्याचे दाखवले, आणि त्याच वर्षी ड्यूटेरॉन-सोने टकरींत ही घट न दिसल्याने तिचे कारण थंड अणुकेंद्रात नसून टकरीनंतर निर्माण होणाऱ्या तप्त द्रव्यात आहे, हे निश्चित झाले.

२०१० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न येथे शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरींत अ‍ॅटलस व सीएमएस या प्रयोगांना अख्ख्या झोतांच्या जोड्यांतील असमतोल प्रत्यक्ष दिसला. सीएमएसच्या मोजमापाने तर हेही दाखवले की, दुबळ्या झोतातून हरवलेला संवेग त्याच्या दिशेपासून दूरवर पसरलेल्या मंद कणांमध्ये सापडतो. त्यामुळे नाव विझण्याचे राहिले असले, तरी प्रत्यक्षात झोताची ऊर्जा विखुरली जाते.