खणण्याआधीचा खर्च

विषारी कचऱ्याने नासलेली जमीन साफ करायची म्हटले की डोळ्यांसमोर पोकलेन येतो. पण पोकलेन येण्याच्या कित्येक वर्षे आधी त्या जमिनीवर वेगळेच काम चाललेले असते. बोअरची गाडी ठराविक अंतराने भोके पाडत जाते. पोलादी नळीतून वर आलेली माती काचेच्या बरण्यांत भरतात, बरण्या बर्फाच्या पेटीत ठेवतात आणि पेटीबरोबर एक कागद फिरतो. बरणी कोणी भरली, कोणी नेली, प्रयोगशाळेत कोणी ताब्यात घेतली याच्या सह्या त्यावर असतात, कारण उद्या कोर्टात हाच कागद साक्षीला उभा राहणार असतो. या नमुन्यांवरून विष किती खोल उतरले आणि भूजलाबरोबर कुठे सरकते आहे याचा नकाशा बनतो. मग माती उचलून न्यायची, जागेवरच झाकायची, की पाणी उपसून शुद्ध करायचे, हे पर्याय खर्चासकट मांडले जातात. अमेरिकी सरकारच्या भाषेत हे सगळे म्हणजे उपाययोजनेचे नियोजन. तिथल्या ‘सुपरफंड’ कायद्याची कथा सहसा कंपन्या विरुद्ध नागरिक अशी सांगितली जाते आणि ती खोटी नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या कायद्याची गाडी कुठे अडली आणि कुठे धावली हे समजायचे तर केंद्र आणि राज्य यांच्यातल्या खर्चवाटपाचे रुक्ष कलम वाचावे लागते. त्यातही खणण्याआधीचा खर्च कोणाचा, हा प्रश्न पाहावा लागतो.

कायद्यामागची घटना सर्वश्रुत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात ‘लव्ह कॅनॉल’ नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि मग ती जमीन एक डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली. ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली, तेव्हा वादळ-पुरासाठी असलेली आपत्ती मदतीची तरतूद केंद्राने ओढूनताणून वापरली, कारण असल्या कामासाठी दुसरा कायदाच नव्हता. ११ डिसेंबर १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती उणीव भरून काढली. पाच वर्षांसाठी १६० कोटी डॉलरचा निधी उभारायचे ठरले आणि त्यातला बहुतांश भाग कच्चे तेल आणि मूळ रसायने यांवरच्या करातून यायचा होता. जिथे दोषी कंपनी सापडत नाही, बुडाली आहे किंवा ऐकत नाही, तिथे केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था या निधीतून सफाई करणार आणि शक्य तिथे कंपनीकडून वसुली करणार. मात्र राज्याने दहा टक्के वाटा उचलण्याची हमी दिल्याशिवाय सफाईचे काम सुरू होणार नव्हते. जागा राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या मालकीची असताना तिथे कचरा टाकला गेला असेल, तर वाटा किमान पन्नास टक्के. आणि सफाईनंतरची देखभाल सगळी राज्याच्या गळ्यात. हिशेबाची ही रीत अवाजवी म्हणता येणार नाही. पैसा पूर्णपणे दुसऱ्याचा असला की प्रत्येक राज्य सर्वांत महागडी सफाई मागणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

गोची झाली ती कलमाच्या वाचनात. दहा टक्क्यांची अट ‘उपाययोजनेच्या कामा’ला होती. तपासणी, अभ्यास आणि आराखडा हे त्या कामात धरायचे की नाही? कायद्यात तपासणीचा अधिकार वेगळ्या पोटकलमात दिलेला होता आणि तिथे राज्याच्या वाट्याचा उल्लेखही नव्हता. तरीही सुरुवातीच्या वर्षांत केंद्राने नियोजनालाही दहा टक्के लावले. कागदावर ही रक्कम किरकोळ होती. अडचण रकमेची नव्हतीच, क्रमाची होती. राज्याच्या वित्त खात्याने साहजिकच विचारायचे, की आज अभ्यासाचा दहावा हिस्सा भरला तर उद्या एकूण बिल किती येईल? त्याचे उत्तर अभ्यास झाल्यावरच मिळणार, आणि हिस्सा भरल्याशिवाय अभ्यास सुरू होणार नाही. त्यात काही राज्यांच्या विधिमंडळांचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरते. तरतूद राहून गेली की घोंगडे भिजत पडले. रोग काय हे कळण्याआधीच इलाजाच्या खर्चात भागीदारी कबूल करा, असा हा प्रकार होता. न्यू जर्सीसारख्या राज्याकडे १९७६ च्या कायद्याने आलेला स्वतःचा गळतीभरपाई निधी होता. ते पैसे काढू शकत होते. सगळ्यांकडे अशी थैली नव्हती.

आणि संदिग्ध नियम राजकारणाच्या हातात सापडला की काय होते, हे १९८२ साली कॅलिफोर्नियात दिसले. रिव्हरसाइड परगण्यातल्या स्ट्रिंगफेलो खाणीत १९५६ ते १९७२ या काळात तीन कोटी गॅलनहून अधिक द्रवरूप औद्योगिक कचरा उघड्या खड्ड्यांत ओतला गेला होता. सुमारे ६० लाख डॉलरचे केंद्रीय अनुदान जाहीर व्हायच्या बेतात असताना अडकले. राज्याचा वाटा नेमका किती, हा प्रश्न सुटायचा आहे, असे कारण पुढे आले. गव्हर्नर जेरी ब्राउन सिनेटच्या निवडणुकीला उभे होते आणि त्यांना श्रेय मिळू नये म्हणून पैसे दाबून ठेवले, असा आरोप झाला. आरोप किती खरा हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. वाट्याचा नियम नितळ असता तर ते कारण पुढे करायलाच मिळाले नसते. फेब्रुवारी १९८३ मध्ये सुपरफंडच्या प्रमुख रिटा लॅव्हेल यांना अध्यक्ष रेगन यांनी काढले. पुढे स्ट्रिंगफेलोशी त्यांच्या जुन्या कंपनीचा संबंध आपल्याला कधी कळला याबद्दल खोटे सांगितल्यावरून त्यांना शिक्षाही झाली. मार्चमध्ये संस्थेच्या प्रशासक ॲन बर्फर्ड पायउतार झाल्या. आणि मे १९८३ मध्ये, संस्थेची सूत्रे विल्यम रकल्सहॉस यांच्याकडे येण्याच्या सुमारास, धोरण बदलले. नियोजनासाठी राज्याचा वाटा लागणार नाही, अभ्यास आणि आराखडा पूर्णपणे निधीतून होईल आणि वाटणी प्रत्यक्ष कामापासून सुरू होईल, असे ठरले. वर्तमानपत्रांनी बर्फर्डबाईंचा राजीनामा पहिल्या पानावर छापला. मला मात्र त्या वर्षातली मोठी घटना हा धोरणबदलच वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा, की अभ्यास फुकट केला की अभ्यासच होत राहतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सुपरफंडचे अभ्यास लांबत गेले, एकेका जागेवर वर्षानुवर्षे आणि लाखो डॉलर गेले, हे खरेच आहे. पण लांबण्याचे मोठे कारण कायद्याच्या दुसऱ्या भागात आहे. सगळ्या खर्चाची जबाबदारी कोणत्याही एका दोषीवर टाकता येत असल्यामुळे कंपन्या एकमेकींवर, विमा कंपन्यांवर आणि अभ्यासाच्या प्रत्येक आकड्यावर खटले भरत राहिल्या. शिवाय एका अभ्यासात भागत नाही, हे न्यू जर्सीतल्या लिपारी कचराभूमीने दाखवून दिले. सप्टेंबर १९८३ च्या ४०६ जागांच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती आणि कायद्याचे एक शिल्पकार जेम्स फ्लोरिओ यांच्याच मतदारसंघात होती. तिच्यातून पाझरणारे पाणी शेजारच्या ॲल्सियन तलावात उतरत होते. आधी सभोवती जमिनीत खोल भिंत आणि वर झाकण, असा उपाय झाला. विष आत कोंडून ठेवणे पुरेसे नाही असे ठरल्यावर पुन्हा अभ्यास करून आत पाणी सोडायचे आणि उपसायचे, अशी जमीन धुण्याची योजना आली. त्या दुसऱ्या अभ्यासासाठी पुन्हा राज्याच्या तिजोरीपुढे रांग लावावी लागली असती, तर भिंत आणि झाकण यांवरच प्रकरण मिटवण्याचा मोह अधिक झाला असता.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. ज्याने घाण केली त्याने भरावे. केंद्र-राज्य वाटणीची चर्चा कशाला? सुमारे सत्तर टक्के जागांवर कंपन्यांनीच काम केले, असा संस्थेचा दावा आहे. पण कंपनी करारावर सही करते ती समोर नकाशा, नमुने आणि खर्चाचा अंदाज ठेवल्यावर. तो कागद सरकारच्या हातात नसेल तर वाटाघाटी कशावर करायच्या? अभ्यासाचा खर्च पुढे कंपनीकडून वसूल करता येतो. न झालेल्या अभ्यासाची वसुली करता येत नाही.

तरीही १९८३ चा निर्णय निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. अभ्यास केंद्राचा, कामात राज्याचे दहा टक्के, देखभाल सगळी राज्याची, अशी पायरी तयार झाली की प्रत्येक पक्ष आपापल्या पायरीवरून पर्याय निवडतो. राज्याला माती एकदाच उचलून नेणारा महागडा उपाय बरा वाटतो, कारण नव्वद टक्के दुसरा भरतो आणि मागे काही उरत नाही. केंद्राला झाकण घालून पाणी उपसत राहण्याचा स्वस्त उपाय बरा, कारण उपसण्याचे विजेचे बिल पुढे राज्याच्या नावावर जाते. शास्त्रीय म्हणून मांडलेल्या कितीतरी वादांच्या तळाशी हा हिशेब होता. १९८६ च्या दुरुस्तीत काँग्रेसने तो अंशतः ओळखला. भूजल शुद्धीकरणाची पहिली दहा वर्षे ‘काम’ मानून केंद्राच्या वाट्यात आणली. पन्नास टक्क्यांच्या कलमात ‘मालकी’ जाऊन ‘चालवणे’ आले. म्हणजे राज्याने नुसती जमीन दिली असेल तर दहा टक्केच, कचराभूमी स्वतः चालवली असेल तर पन्नास. अशा जागांवर मात्र अभ्यासाचा खर्चही वाटणीत धरला जातो आणि काम सुरू होते तेव्हा तो मागितला जातो. हा क्रम योग्यच म्हणायचा. अडथळा पुढे दुसरीकडे सरकला. १९९५ अखेर तेल-रसायनांवरचा कर संपला, निधी आटत गेला आणि आराखडे तयार पण खणायला पैसे नाहीत अशा जागा साचल्या. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ३५० कोटी डॉलर दिले तेव्हा अशा ४९ जागा रांगेत होत्या. त्या पैशांपुरता राज्यांचा वाटाही माफ करण्यात आला.

१९८६ च्या त्याच दुरुस्तीत, कारखान्यात कोणती घातक रसायने आहेत हे जाणून घेण्याचा हक्क आजूबाजूच्या वस्तीला मिळाला, तो भोपाळच्या दुर्घटनेमुळे. भोपाळच्या जमिनीला अमेरिकी खर्चवाटपाचे कलम लावून पाहिले तर ‘मालकी’च्या जागी आलेल्या ‘चालवणे’ या एका शब्दाचे वजन कळते. युनियन कार्बाइडने ती जमीन मध्य प्रदेश सरकारकडून भाड्याने घेतली होती. १९८० च्या शब्दांप्रमाणे राज्याचा वाटा पन्नास टक्के झाला असता, १९८६ च्या शब्दांप्रमाणे दहा. आपल्याकडे तेव्हा असे कलमच नव्हते. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये काढले. तोवर कोण भरणार हा प्रश्न केंद्र, राज्य, कंपनीचे वारसदार आणि न्यायालये यांच्यात फिरत राहिला. कारखान्यातला कचरा नागपूरजवळ बोरखेडीच्या संरक्षण संशोधन केंद्रात जाळायचा घाट २०११ साली घातला गेला, तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रोखला. शेवटी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले आणि गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला गेला. कारखान्याच्या आवारातल्या जमिनीचा अभ्यास नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर केला होता. २०१० सालच्या त्या अहवालात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा आहे. ती माती जागच्या जागी आहे.