स्वस्त छापाच्या तबकड्या

सीमाभागातील जुन्या वाड्यांत 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची तबकडी मानाने जपली जाते. स्वस्त छापाची अडगळीत पडते. आम्हांस हा न्याय उलटा वाटतो. ग्रामोफोन कंपनीने कमी किमतीचा 'ट्विन' छाप काढला. मुंबईच्या 'यंग इंडिया'ने १९३५ ते १९५५ या काळात नवोदित व हौशी कलावंतांना वाव दिला. थोरांचे गायन पुढे कॅसेटवर आले; या अल्पपरिचितांचे बहुधा लाखेच्या तबकडीपुरतेच उरले. ती फुटली की आवाज संपला. म्हणून माळा आवरताना, भंगारात देण्यापूर्वी, छाप, क्रमांक व गायकाचे नाव वहीत उतरवावे. बेळगाव-निपाणीच्या घरांत कोणते मराठी गाणे ऐकले जाई, याची नोंद सरकारी दफ्तरांत सापडणार नाही. ती या तबकड्यांतच आहे.