कुरण-व्यवस्थापनाचे शिक्षण व प्रशिक्षण

कुरण-व्यवस्थापनाचे शिक्षण व प्रशिक्षण : नैसर्गिक गवताळ जमिनीची उत्पादकता न ढळता तिच्यावर जनावरे चारता यावीत, यासाठी वनस्पतिशास्त्र, मृदाविज्ञान, पशुविज्ञान आणि पशुपालक समाजांचे अनुभवज्ञान यांची सांगड घालून दिले जाणारे शिक्षण. चारापिकांच्या शेतीहून हा विषय वेगळा आहे. कारण येथे पाणी, खत व बियाणे यांपेक्षा जनावरांची संख्या, चराईचा हंगाम आणि जमिनीला मिळणारी विश्रांती हीच व्यवस्थापनाची मुख्य साधने असतात.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणे अनिर्बंध चराईने उजाड झाल्यावर तेथे या विषयाला विद्यापीठीय रूप आले. आर्थर सॅम्पसन यांचे या विषयावरील प्रारंभीचे पाठ्यपुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात झाशी येथील भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था (स्थापना १९६२) आणि जोधपूरची केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था येथे संशोधनाबरोबर प्रशिक्षणही दिले जाते. कृषी, पशुवैद्यक व वनविद्या या शाखांत मात्र हा विषय बहुधा तुकड्यातुकड्यांनी शिकवला जातो आणि त्यातही भर राहतो तो सुधारित चारावाणांवर.

दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले असून दख्खनच्या पठारावरील कुरणे त्यांपैकी पवना-मारवेल प्रकारात मोडतात. प्रात्यक्षिकाचा पाया येथेच आहे. ठराविक मापाची चौकट जमिनीवर टाकून तिच्यातील गवतांची जातवार नोंद घ्यावयाची, ते कापून, वाळवून तोलावयाचे आणि त्यावरून चराईक्षमता, म्हणजे कुरणाला हानी न होता ठराविक काळ पोसता येतील एवढी जनावरे, काढावयाची. वाढीचा साधारण निम्मा भाग शिल्लक ठेवावा, असा ढोबळ नियम यासाठी वापरतात. अतिचराई झाली, की पवना व मारवेल यांसारखी रुचकर बारमाही गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत अडकतात व कातडीलाही टोचतात, त्यामुळे माळाची अवनती मेंढपाळाला मोजमापाआधीच कळलेली असते.

मेंढपाळांचे हे अनुभवज्ञान अभ्यासक्रमात अभावानेच शिरते. महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळ पावसाळ्यानंतर पठारावरून कोकणाकडे उतरतात, वाटेतील शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या आधी परततात. माळाला मोसमी विश्रांती देणारी ही रीत वर्गात शिकवल्या जाणाऱ्या आवर्तन-चराईशी (कुरणाचे भाग पाडून ते आळीपाळीने चारण्याशी) नाते सांगणारी आहे. उलट, शासकीय दप्तरात गवताळ माळ बहुधा ‘पडीक’ ठरतात आणि वृक्षलागवडीसाठी निवडले जातात. म्हणून वनरक्षक, तलाठी व ग्रामसेवक यांचे प्रशिक्षण हेही पशुपालकांच्या प्रशिक्षणाइतकेच निकडीचे आहे. गायरानावर झाडे लावणे म्हणजे नेहमीच सुधारणा नव्हे, हे त्यांना प्रथम शिकवावे लागते.

पूर्व आफ्रिकेत पशुपालकांसाठी शेतीशाळेच्या धर्तीवर चालणाऱ्या शाळा निघाल्या असून त्यांत गट नियमितपणे एकत्र जमून कुरणाचे व जनावरांचे निरीक्षण करतो आणि निर्णयही स्वतःच घेतो. फिरत्या समाजाला वसतिगृहातील अल्पमुदतीच्या वर्गापेक्षा ही पद्धत अधिक मानवते, आणि दख्खनच्या मेंढपाळांसाठीही तीच स्वीकारणे इष्ट ठरेल.