शेतातून ताटात, आणि इंदूरचे वाड



इंदूरच्या बायपासला आणि महू रोडला हल्ली बागेत बसवून जेवू घालणारी ठिकाणं निघाली आहेत. पाटीवर ‘फार्म टू टेबल’ आणि खाली ‘ऑर्गॅनिक’. घरची तरुण मंडळी हौसेनं तिथं नेतात. जेवण चांगलं असतं, तक्रार नाही. पण ही कल्पना अमेरिकेची, असं त्यांचं म्हणणं ऐकलं की सांगावंसं वाटतं, बाबांनो, यातला निम्मा माल आपल्याच गावातून गेलेला आहे.

अमेरिकेचं म्हणणं अगदीच खोटं नाही. १९७१ साली अ‍ॅलिस वॉटर्स यांनी कॅलिफोर्नियात बर्कलीला ‘शे पानीस’ हे हॉटेल काढलं आणि जवळच्या शेतकऱ्यांकडून ताजा माल घेऊन रांधायची चाल तिथून गाजली. पण रासायनिक खताशिवाय पिकवलेलं धान्य आणि भाजी चांगली, हा विचार त्याआधीच तिकडे रुजला होता. जे. आय. रोडेल यांनी १९४२ साली अमेरिकेत सेंद्रिय शेतीचं मासिक सुरू केलं. इंग्लंडमध्ये १९४६ साली ‘सॉइल असोसिएशन’ निघाली. या दोघांनीही ज्यांच्याकडून धडा घेतला ते सर अल्बर्ट हॉवर्ड, आणि हॉवर्ड यांची प्रयोगशाळा होती इंदुरात.

होळकर दरबारानं सुमारे ३०० एकर जमीन दिली आणि १९२४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. गादीवर तेव्हा तुकोजीराव (तिसरे) होते. आज तिथंच आपलं कृषी महाविद्यालय आहे. संस्थेचं मूळ काम कापसाचं. पण हॉवर्ड यांच्या लक्षात आलं की सुधारित बियाणं दिलं तरी जमिनीत दम नसेल तर उपयोग नाही. शेण तर चुलीत जळायचं. मग शेतातल्या टाकाऊ मालातून खत करायची रीत त्यांनी बसवली.

कपाशीच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चुरल्या जायच्या. त्यात तण, पालापाचोळा, उसाचं पाचट. गोठ्यातली गोमूत्रानं भिजलेली माती, राख आणि शेणकाला मिसळून उथळ खड्ड्यात थर लावायचे, पाणी मारायचं, तीनदा उलथापालथ करायची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. जगभर याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जमिनीच्या खात्यातून जेवढं काढलं तेवढं परत भरायचं.

या कामाचं पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं, ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’. त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत. एक हॉवर्ड, दुसरं यशवंत वाड. नाव-आडनाव आपल्यातलंच. संस्थेत कृषी रसायनाचं काम ते पाहत. हॉवर्ड १९३१ साली विलायतेला गेले, वाड इथंच राहिले, आणि १९३४ साली जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी वस्तीतल्या कचऱ्यापासून आणि मैल्यापासून याच पद्धतीनं खत करण्यावर लिहिलं. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या या शहराला हे माहीत असायला हवं. हॉवर्ड यांचं नाव जगभर झालं. वाड यांचं नाव आपल्या मराठी घरांतसुद्धा फारसं ऐकू येत नाही, याची रुखरुख वाटते.

आता ताटाकडे येऊ. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मी उज्जैन-देवास भागातल्या शाखांत शेतीकर्जाचं काम पाहायचो. अर्जात पिकाचा रकाना असे. सुरुवातीला खरिपात ज्वारी, मका, तूर, मूग, कापूस. बरीच काळी जमीन पावसाळ्यात पड ठेवत, म्हणजे धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा यायचा. पुढे बघता बघता त्या रकान्यात सोयाबीन आलं. शेतकऱ्याचा हिशोब चोख होता. जी जमीन पड राहायची तीच तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा देऊ लागली. मोटारी आल्या, ट्रॅक्टर आले, घरं पक्की झाली. १९८७ साली सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच झालं.

पण सोयाबीनचं तेल निघतं आणि पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. माळव्याच्या ताटात ते तसं येत नाही. ज्वारी मागे हटली तशी भाकरी गेली आणि कडबाही गेला. कडबा नाही, ट्रॅक्टर दारात, मग बैल कशाला पोसायचे? बैल नाहीत तर शेण-गोमूत्र कुठून आणणार? कपाशी गेली तशा पऱ्हाट्याही गेल्या. म्हणजे इंदूर पद्धतीला लागणारा कच्चा मालच इंदूरभोवती आटला.

म्हणून अशा ठिकाणी जेवायला गेलात तर पाटी वाचून थांबू नका. दोन गोष्टी विचारा. बाफले कोणत्या गव्हाचे, मालवी कठियाचे की बाजारात मिळेल त्या? आणि शेतात खत कुठलं घालता? तिसरी परीक्षा आपली आपण घ्यावी. भुट्ट्याचा किस पावसाळ्यात, ओला हरभरा आणि गराडू थंडीत. बाराही महिने सगळं मिळत असेल तर ते शेतातून नाही, शीतगृहातून आलंय. आणि एखादा शेतकरी ज्वारी लावून भाकरी वाढत असेल तर चार पैसे जास्त पडले तरी कुरकुर करू नये. त्याला विकत घेणारा मिळाला तरच तो पुढच्या वर्षी पेरेल.

आपल्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा त्या संस्थेत कामाला असतील, वाड यांच्याबद्दल घरात काही ऐकलेलं असेल, जुना फोटो किंवा कागद असेल, तर जरूर लिहा. ही माहिती असलेली मंडळी आता थोडीच उरली आहेत.