धुराड्यातील पुडके: हरवलेली मुले आणि शवशोधक श्वान

२८ मार्च १८७६. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे शहर. एमिली हॉलंड नावाची सात वर्षांची मुलगी त्या दिवशी घरी परतली नाही. दोन दिवसांनी शहराच्या कडेच्या एका शेतात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिचे धड मिळाले. पुढे पायही मिळाले, शिर मात्र मिळेना.

अवशेषांना कापलेले बारीक केस चिकटले होते. ते निरनिराळ्या रंगांचे होते, म्हणजे एका माणसाचे नव्हते. इतक्या माणसांचे कापलेले केस एके ठिकाणी पडतात ते न्हाव्याच्या दुकानात. त्यामुळे संशय विल्यम फिश नावाच्या न्हाव्यापर्यंत पोहोचला होता. पण पोलिसांनी त्याचे दुकान तपासले तेव्हा हाती काहीच लागले नव्हते.

एप्रिलच्या मध्यावर प्रेस्टनहून एका रंगाऱ्याचा कुत्रा आणवला गेला. नाव मॉर्गन. अस्सल ब्लडहाउंडही नव्हे, मिश्र जातीचा. शेतात त्याला काही गवसले नाही. मग त्याला न्हाव्याच्या दुकानात नेले. माडीवरच्या खोलीतील शेकोटीपाशी येताच तो अस्वस्थ झाला आणि भुंकू लागला. पोलीसप्रमुखाने धुराड्यात हात घातला. हाताला एक पुडके लागले. त्यात जळालेली कवटी आणि हाडे होती. फिशने गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी १४ ऑगस्टला त्याला फाशी झाली.

वाचकहो, या घटनेचा क्रम नीट ध्यानात ठेवावा, कारण या धाग्यातील पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून पाहायची आहे. आधी केसांचा पुरावा, त्यावरून संशय, मग कुत्र्याचे भुंकणे आणि त्यानंतर काही क्षणांत माणसाच्या हाती आलेले हाड. कुत्रा काय म्हणाला याचा अर्थ लावण्याची वेळच कोणावर आली नाही. त्याचे म्हणणे जागच्या जागी पडताळले गेले.

ब्लॅकबर्नची आठवण लोकांच्या मनात टिकली. १८८८ मध्ये लंडनमध्ये ‘जॅक द रिपर’च्या हत्यांनी हाहाकार उडाला, तेव्हा पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी बार्नबी आणि बर्गो या दोन ब्लडहाउंडांची शहरातील उद्यानांत चाचणी घेतली. प्रत्यक्ष तपासात त्यांचा उपयोग झाला नाही. शिवाय ते माग काढणारे कुत्रे होते. जिवंत माणूस कोठून कोठे गेला हे हुंगणे निराळे आणि मृत देह कोठे आहे हे हुंगणे निराळे. हा भेद पोलीस खात्यांच्या पचनी पडायला जवळजवळ शतक लागले.

केवळ मृतदेह शोधण्यासाठी पद्धतशीर शिकवलेला पहिला कुत्रा म्हणून ‘पर्ल’ या पिवळ्या लॅब्रॉडर कुत्रीचे नाव घेतले जाते. न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी १९७४ मध्ये तिला कामाला लावले आणि सुमारे चार फूट खोल पुरलेला एका विद्यार्थिनीचा देह तिने दाखवला. पुढे कनेक्टिकट राज्य पोलिसांतील अँड्र्यू रेबमन यांनी या विद्येला शिस्त लावली. २००० साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेले हस्तपुस्तक आजही या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथ मानले जाते.

प्रशिक्षणाचे तत्त्व साधे आहे. विघटनाचा गंध ओळखला की खेळणे किंवा खाऊ मिळतो, एवढेच कुत्र्याला ठाऊक असते. मृत्यू, गुन्हा, हरवलेले मूल यांतले काहीही त्याच्या गावी नसते. जमिनीत पुरलेल्या देहासाठी हँडलर लोखंडी सळईने ठिकठिकाणी भोके पाडतो, म्हणजे आतला वायू वर येतो, आणि मग कुत्र्याला तेथून फिरवतो. गंध वाऱ्याबरोबर वाहतो, उतारावरून ओघळतो, खोलगट जागी साचतो; म्हणून कुत्रा जेथे थांबतो त्याच बिंदूखाली देह असेल असेही नाही. पाण्यात बुडालेल्यांसाठी तर कुत्र्याला नावेच्या टोकाशी बसवून तळे पालथे घालतात.

रसायनशास्त्राने येथे थोडाच उजेड पाडला आहे. १८८५ च्या सुमारास बर्लिनमध्ये लुडविग ब्रीगर यांनी कुजणाऱ्या ऊतींतून दोन द्रव्ये वेगळी केली आणि त्यांना ‘प्युट्रेसीन’ व ‘कॅडव्हरीन’ अशी नावे दिली. नावे ऐकून वाटते की कुलूप उघडले. पण ही द्रव्ये मेलेल्या उंदरातही असतात. टेनेसी विद्यापीठाच्या आवारात दान केलेल्या देहांवर जे संशोधन झाले, त्यातून चारशेहून अधिक बाष्पशील संयुगांची नोंद झाली. त्यांतल्या नेमक्या कोणत्या मिश्रणाला कुत्रा ‘माणूस’ समजतो, याविषयी शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. त्यात ब्रिटनमध्ये मानवी ऊती वापरण्यावर कायद्याची बंधने असल्याने कुत्र्यांना बहुतांशी डुकराच्या अवशेषांवर शिकवले जाई. अमेरिकेत मानवी अवशेष वापरता येतात.

आता कळीचे वळण. मॉर्गनने धुराड्यातील हाडे दाखवली. परंतु देह उचलून नेल्यावरही गंध मागे राहतो, आणि प्रशिक्षित कुत्र्याला तोही कळतो. हॅम्बुर्गमधील न्यायवैद्यकतज्ज्ञांनी २००८ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुकत्याच मृत झालेल्या व्यक्तींच्या देहाखाली गालिच्याचे तुकडे काही मिनिटे ठेवले, मग देह दूर नेला आणि ते तुकडे पोलिसांच्या कुत्र्यांसमोर मांडले. दहा मिनिटे संपर्क आलेल्या तुकड्यांबाबत अचूकता ९८ टक्के भरली, दोन मिनिटांच्या तुकड्यांबाबत ८६ टक्के.

हे आकडे थक्क करणारे आहेत. पण त्यांच्याबरोबर एक नवी अडचण आली. कुत्रा रिकाम्या खोलीत भुंकतो. खोलीत काहीच नसते. जे होते ते गेलेले आहे. मग भुंकण्याची पडताळणी कशाने करायची?

२००८ च्या फेब्रुवारीत उत्तर इंग्लंडमधील ड्यूसबरी गावातून शॅनन मॅथ्यूज ही नऊ वर्षांची मुलगी नाहीशी झाली. शोधासाठी शवशोधक श्वान आणले गेले आणि त्यांनी वस्तीतील घरांमध्ये इशारे दिले. पोलिसांचे मन काय म्हणाले असेल याची कल्पना करावी. निघाले असे की, गरीब वस्तीतल्या लोकांनी जुने सामान विकत घेतले होते आणि त्यांतले काही मृतांच्या घरांतून आलेले होते. कुत्रे खोटे बोलले नव्हते. त्या सामानाच्या सहवासात कोणी तरी खरोखर मेले होते. १४ मार्चला शॅनन जवळच्या वस्तीतील एका घरात, पलंगाच्या पेटीत लपवलेली, जिवंत सापडली. अपहरणाच्या त्या बनावात तिची आईच सामील होती.

मला स्वतःला या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण हेच वाटते. कुत्र्याचे नाक बरोबर आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात हे त्यात लख्ख दिसते.

त्याच फेब्रुवारीत जर्सी बेटावर उलट दिशेचे नाट्य सुरू झाले. ‘ओ द ला गारेन’ हे तेथील जुने बालगृह १९८६ मध्ये बंद झालेले. तेथे वाढलेल्या अनेकांनी अत्याचारांच्या तक्रारी केल्या होत्या, म्हणून पोलिसांनी इमारतीची झडती घेतली. त्यासाठी मार्टिन ग्राइम हे हँडलर आपला ‘एडी’ नावाचा स्प्रिंगर स्पॅनियल घेऊन आले. एडीने इशारा दिला, खणले गेले, आणि २३ फेब्रुवारीला एक तुकडा निघाला. तो लहान मुलाच्या कवटीचा असावा, असे जगभर छापून आले. ‘मृत्यूचे बालगृह’ अशी प्रतिमा काही दिवसांतच घट्ट झाली.

प्रयोगशाळेत तो तुकडा हाडाचा असल्याचे ठरेना. तो लाकूड किंवा नारळाची करवंटी असावा असे तज्ज्ञांचे मत पडले. नोव्हेंबर २००८ मध्ये पोलिसांनीच जाहीर केले की तेथे बालहत्या झाल्याचा कोणताही पुरावा नाही. पण गोष्ट येथे संपत नाही. बालगृहातील अत्याचार खरे होते. स्वतंत्र चौकशी समितीने २०१७ च्या अहवालात अनेक दशकांचा छळ आणि प्रशासनाचे अपयश नोंदवले. जिवंत पीडितांच्या साक्षी समोर असताना जग महिनोन्‌महिने नसलेल्या प्रेतांची चर्चा करत राहिले, आणि प्रेते निघाली नाहीत तेव्हा त्या साक्षींवरही संशयाची सावली पडली. कुत्र्याच्या भुंकण्याला घाईने अर्थ चिकटवल्याची किंमत ही अशी भलत्यांनीच मोजली.

याच एडीला आदल्या वर्षी पोर्तुगालमध्ये नेले होते. मे २००७ मध्ये प्राया दा लुझ येथून नाहीशी झालेल्या मॅडेलिन मॅकॅनच्या तपासात एडीने, आणि रक्त हुंगणाऱ्या ‘कीला’ने, काही ठिकाणी इशारे दिले. तेथून घेतलेल्या नमुन्यांच्या डीएनए चाचणीतून निश्चित काही सिद्ध झाले नाही. तरीही त्या सप्टेंबरमध्ये आईवडिलांना औपचारिक संशयित ठरवण्यात आले. जुलै २००८ मध्ये पुराव्याअभावी तो शिक्का काढला गेला. लोकांच्या बोलण्यातून तो अजून पुसलेला नाही.

न्यूयॉर्कच्या एटन पॅट्झचे प्रकरण त्याहून जुने. २५ मे १९७९ रोजी सहा वर्षांचा हा मुलगा प्रथमच एकटा शाळेच्या बसकडे निघाला आणि दिसेनासा झाला. अमेरिकेत २५ मे हा ‘हरवलेल्या मुलांचा दिवस’ मानला जातो तो त्याच्याच स्मरणार्थ. तेहतीस वर्षांनी, एप्रिल २०१२ मध्ये, त्याच्या घराजवळच्या एका तळघरात कुत्र्याने इशारा दिला. एफबीआय आणि शहर पोलिसांनी फरशी फोडली, भिंती सोलल्या, माती चाळली. मानवी अवशेष निघाले नाहीत. पुढच्याच महिन्यात दुसऱ्याच एका माणसाने, दुसऱ्याच तळघराबद्दल कबुली दिली. तो २०१७ मध्ये दोषी ठरला. २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली. एटनचा देह आजवर मिळालेला नाही.

मग कुत्र्याच्या साक्षीवर कोणी दोषी ठरू शकतो का? डिसेंबर २०११ मध्ये डेट्रॉईटमधून बियांका जोन्स ही दोन वर्षांची मुलगी नाहीशी झाली. गाडी पळवणाऱ्याने तिला नेले, असे वडिलांचे म्हणणे होते. देह मिळाला नाही. एव्हाना अमेरिकेत काम करणाऱ्या ग्राइम यांच्या ‘मॉर्स’ या कुत्र्याने गाडीत आणि घरात इशारे दिले. न्यायालयाने ही साक्ष ज्यूरीपुढे येऊ दिली, अर्थात इतर साक्षीपुराव्यासोबत. २०१२ मध्ये वडील हत्येसाठी दोषी ठरले आणि २०१४ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ब्लॅकबर्नपासून निघालेली वाट येथे दुसऱ्या टोकाला पोहोचते: हाड नाही, पुडके नाही, आहे ते भुंकणे आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस.

तो माणूस चुकू शकतो, हेही नोंदलेले आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८ हँडलर-श्वान जोड्या होत्या. हे कुत्रे अमली पदार्थ व स्फोटके शोधणारे, पण मुद्दा सर्वांना लागू पडतो. एका चर्चमध्ये कोठेही गंध ठेवलेला नव्हता. हँडलरना मात्र तो असल्याचे सांगितले होते आणि काही ठिकाणी लाल कागदाच्या खुणा केल्या होत्या. १४४ फेऱ्यांत २२५ चुकीचे इशारे नोंदले गेले. हँडलरची अपेक्षा दोरीवाटे कुत्र्यापर्यंत उतरते, किंवा कुत्र्याची साधी हालचाल हँडलरला इशारा वाटते. यात लबाडी असतेच असे नाही. कधी ती असतेही: मिशिगनमधील एका नावाजलेल्या हँडलरने शोधस्थळी स्वतःच हाडे पेरल्याची कबुली दिली आणि २००४ मध्ये तिला तुरुंगवास झाला.

आपल्याकडे हा प्रश्न बऱ्याच आधी न्यायालयात गेला होता. ‘अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या, १९७० च्या सुमारास अहवालांत छापल्या गेलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्यावरील आक्षेप मांडले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने हँडलर बोलतो ती ऐकीव माहिती ठरते. आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगणे मनाला पटत नाही. अशा पुराव्याला फारसे वजन देऊ नये, असा न्यायालयाचा कल राहिला. तो निकाल शवशोधक श्वानांविषयी नव्हता, पण वाचताना जर्सी आणि प्राया दा लुझ आठवल्यावाचून राहत नाहीत. अलीकडे केरळ पोलिसांचे ‘माया’ आणि ‘मर्फी’ हे श्वान २०२४ मध्ये वायनाडच्या दरडीखालील देह शोधायला गेले, तेव्हा हा वाद उद्भवलाच नाही. तेथे इशारा मिळाला की खणायचे असते, आणि उत्तर मातीतच असते.

माती नेहमी उत्तर देतेच असे नाही. मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थच्या माळावर १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये दोन मुलांचे देह मिळाले. १९८६ च्या हिवाळ्यात पोलीस कुत्र्यांसह पुन्हा तेथे गेले. १ जुलै १९८७ रोजी, चोवीस वर्षांनी, पॉलीन रीडचा देह हाती आला. बारा वर्षांच्या कीथ बेनेटचा मिळाला नाही. त्याची आई विनी जॉन्सन मुलाचे दफन करता यावे एवढ्याच मागणीसाठी आयुष्यभर झगडली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये वारली. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस माळावर कवटी दिसल्याचा दावा झाला, तेव्हा पोलिसांनी आठवडाभर ती जागा खणली. ७ ऑक्टोबरला त्यांनी जाहीर केले की मानवी अवशेष आढळले नाहीत, आणि तंबू उतरवले गेले.